विम्याचा हप्ता भरल्यावर पुढे काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमा कंपनीच्या क्लेम विभागात टेबलाच्या आतल्या बाजूला बसून काम केलं, की लोक लग्नकार्यातही गाठून प्रश्न विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. भांडण होतं क्लेमच्या दिवशी, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा पॉलिसी काढली त्या दिवसात असतं. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

दहा वर्षं हप्ता भरला, एकही क्लेम केला नाही. पैसे फुकट गेले म्हणायचे का?

नाही. विम्याला लोक भिशीसारखं समजतात, तिथे गडबड होते. भिशीत आज ना उद्या प्रत्येकाचा नंबर लागतो. विम्यात नंबर लागू नये म्हणूनच सगळे देवाला हात जोडतात. तुमचा हप्ता त्या वर्षी ज्याच्या घरात माणूस गेला, ज्याचं दुकान जळालं, त्याच्याकडे गेलेला असतो. तुम्ही घेतलेली वस्तू म्हणजे त्या वर्षाची हमी. ते वर्ष संपलं की ती वापरून झाली.

हप्त्याचा आकडा येतो कुठून? कंपनी मनाला येईल तो लावते का?

हे काम अॅक्च्युअरी नावाच्या माणसाचं. परीक्षा इतक्या कठीण की देशात ही मंडळी फार थोडी आहेत. त्यांच्यासमोर मृत्युदराचा तक्ता असतो. भारतीय विमाधारकांच्या अनुभवावरून बेतलेल्या 2012-14 च्या तक्त्यात पस्तिशीच्या दहा हजार माणसांपैकी वर्षभरात सुमारे 12 जण जातील, असं गणित आहे. पन्नाशीला तोच आकडा 44 च्या घरात जातो. कोण जाणार हे कुणालाच सांगता येत नाही. किती जाणार हे मात्र बरंच नेमकं सांगता येतं. अख्खा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

आता हिशेब करा. पस्तिशीच्या दहा हजार जणांनी प्रत्येकी 50 लाखांचा टर्म विमा घेतला, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा. बारा घरांना 50 लाख द्यायचे म्हणजे 6 कोटी. भागिले दहा हजार, माणशी 6,000 रुपये. त्यात कचेरीचा खर्च, कमिशन, नफा आणि अंदाज चुकला तर म्हणून थोडी गादी घाला. तंबाखू खात असाल तर वाढवा. पॉलिसी वीस-तीस वर्षांची असेल तर पुढच्या वयाचा वाढता धोका सुरुवातीपासूनच सगळ्या वर्षांवर पसरलेला असतो, म्हणून हप्ता तोच राहतो. आणि म्हणूनच टर्म विमा तिशीत घेणारा आयुष्यभर स्वस्तात राहतो.

मग कंपनी नफा कुठून काढते? क्लेम नाकारून?

हा आरोप रोज ऐकायची सवय झाली आहे. काही प्रमाणात खरा असतो, पण धंद्याचं इंजिन तिथे नाही.

वाहन, आग, आरोग्य असे विमे विकणाऱ्या कंपन्यांचं गणित 'कंबाइन्ड रेशो'त पाहतात. समजा 100 रुपये हप्ता आला, 82 रुपये क्लेमपोटी गेले आणि 29 रुपये पगार-कमिशन-भाड्यात. झाले 111. म्हणजे मूळ धंद्यात 11 रुपये तोटा. भारतातल्या या क्षेत्राचा एकत्रित आकडा वर्षानुवर्षं 100 च्या वरच आहे. तरी कंपन्या चालतात, कारण हप्ता आज येतो आणि क्लेम नंतर जातो. अपघातातल्या तिसऱ्या व्यक्तीच्या भरपाईचे खटले तर वर्षानुवर्षं चालतात. मधल्या काळात तो पैसा सरकारी रोख्यांत, कर्जरोख्यांत, थोडा शेअर बाजारात कामाला लावलेला असतो. कमाई तिथली.

आयुर्विम्यात हा मधला काळ वीस-पंचवीस वर्षांचा, त्यामुळे हातात साठणारा पैसा अवाढव्य. यातला किमान निम्मा सरकारी व तत्सम मान्य रोख्यांत ठेवण्याचं बंधन आहे. एलआयसी देशातल्या सर्वांत मोठ्या गुंतवणूकदारांपैकी का आहे, याचं उत्तर इथेच मिळतं. आयुर्विम्यात आणखी एक कमाई असते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: मध्येच सोडलेल्या पॉलिसी. पहिली दोन-तीन वर्षं हप्ते भरून ज्यांनी हात टेकले, त्यांच्या पैशातला मोठा वाटा परत जायचाच नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम बदलले आणि पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्यालाही काही सरेंडर मूल्य मिळू लागलं. तेव्हा कंपन्यांनी जी कुरकुर केली, ती पुरेशी बोलकी होती.

हे सगळं आधी सरकारीच होतं ना?

त्याच्याही आधी खासगी होतं. इंग्रजी कंपन्या भारतीय माणसाच्या जिवाला जास्त हप्ता लावत. 1870 साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने ती रीत मोडली आणि सगळ्यांना एकच दर लावला. स्वदेशीच्या वाऱ्यात अशा संस्था गावोगाव उभ्या राहिल्या. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. जिल्ह्याच्या गावातून आयुर्विमा कंपनी चालवणं ही आज कल्पनेपलीकडची गोष्ट वाटते.

पण बुडणाऱ्या आणि विमेदारांचे पैसे मालकाच्या इतर धंद्यांत वळवणाऱ्या कंपन्याही कमी नव्हत्या. जानेवारी 1956 मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी वटहुकूम काढून आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतला. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं; आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण त्यांचं, हे सहसा नसतं. 245 कंपन्या व सोसायट्या एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. बाकीच्या विम्याचा नंबर 1973 मध्ये लागला आणि 107 कंपन्यांच्या चार झाल्या: न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. 1999 च्या कायद्याने नियामक आला आणि 2000 पासून खासगी कंपन्या परत आल्या.

कंपनी बुडाली तर माझ्या पैशांचं काय?

नियामक म्हणजे हैदराबादला बसणारं आयआरडीएआय. द्यायच्या रकमांवर जी किमान शिल्लक लागते, तिच्या दीडपट मालमत्ता प्रत्येक कंपनीकडे असायलाच हवी, असा त्यांचा दंडक आहे. याला सॉल्व्हन्सी रेशो म्हणतात. तो 1.5 च्या खाली घसरला की नियामक नव्या विक्रीवर बंधनं आणू शकतो, विमेदारांना दुसऱ्या कंपनीकडे सोपवू शकतो. एलआयसीच्या पॉलिसींना एलआयसी कायद्याच्या कलम 37 ने केंद्र सरकारची हमी आहे. खासगी कंपन्यांना ती नाही. एक गंमत मात्र लक्षात ठेवा: चार सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांपैकी न्यू इंडिया सोडून बाकीच्या तिघींचाच सॉल्व्हन्सी रेशो गेली काही वर्षं रडतखडत आहे. सरकार पाठीशी आहे म्हणून लोक निश्चिंत आहेत, एवढंच.

एका दिवसात लाखो क्लेम आले तर?

26 जुलै 2005 ला मुंबईत काहीसं तसंच झालं. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस. गाड्या, गोदामं, कारखाने, सगळं एकदम पाण्यात. विम्याचं गणित चालतं ते धोके विखुरलेले असतात म्हणून. एकाच शहरात सगळ्यांचं नुकसान एकाच दिवशी झालं, की ते गणित कोलमडतं.

म्हणून विमा कंपन्या स्वतःचाही विमा उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात. समजा कंपनी म्हणाली, 'एका घटनेत पहिले 50 कोटी आम्ही सोसू, त्यापुढचे 500 कोटींपर्यंत तुम्ही.' समोर मुंबईत चर्चगेटची जीआयसी री असते, म्युनिक री किंवा स्विस री असते. शिवाय भारतातल्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला आपल्या धंद्याचा 4 टक्के हिस्सा जीआयसी रीकडे द्यावाच लागतो. अमेरिकेत चक्रीवादळं जोरात झाली की पुनर्विम्याचे दर जगभर चढतात आणि पुढच्या एप्रिलमध्ये चाकणच्या कारखानदाराचा आगीचा हप्ता वाढतो. त्याला वाटतं, आपल्याकडे तर साधी ठिणगीसुद्धा पडली नाही!

एजंट, ब्रोकर, बँक, वेबसाइट: कुणाकडून घ्यावा?

एजंट हा कंपनीचा माणूस. बँक बहुतेक ठिकाणी 'कॉर्पोरेट एजंट' असते, म्हणजे तीही कंपनीचीच. ब्रोकर मात्र कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा, जरी त्याला कमिशन कंपनी देत असली तरी. तुलना दाखवणाऱ्या वेबसाइटचं उत्पन्नही विक्रीतूनच येतं. माझं मत विचाराल तर कारखाना, दुकान, सोसायटी यांच्यासाठी ब्रोकर. घरच्या मेडिक्लेमसाठी क्लेमच्या वेळी फोन उचलणारा एजंट. बँकेत कर्ज मंजूर करताना समोर सरकवलेल्या फॉर्मवर सही करण्याआधी तो घरी आणून वाचा. कर्जासाठी त्याच कंपनीचा विमा घ्यायची सक्ती बँकेला करता येत नाही.

'साहेब, पहिला हप्ता मी भरतो' म्हणणारा एजंट विमा कायद्याच्या कलम 41 चा भंग करतोय. तो सोडलेला पैसा त्याला कुठून परत मिळतो, याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

बचतीच्या पॉलिसीत वीस वर्षं दरवर्षी 50,000 भरले की 18 लाख मिळणार. दहाचे अठरा झाले, वाईट काय?

पाठ करून यावा असा हा प्रश्न आहे, कारण प्रत्येक घरात तो येतो. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा फक्त एक वर्ष. चक्रवाढीने काढलं तर 18 लाख म्हणजे वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास परतावा. पीपीएफ याहून जास्त देतो. आणि विमा किती? अशा पॉलिसीत साधारण वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे 5 लाख. ज्या घरात कमावता एकच आहे, तिथे 5 लाख वर्षभरही पुरत नाहीत.

मग या पॉलिसी खपतात का? पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर एजंटला पुष्कळ काळ 35 टक्क्यांपर्यंत कमिशन मिळत आलं. टर्म विम्याचा हप्ता छोटा, त्यावरचं कमिशनही छोटं. दोन्ही विकायला लागणारा चहा मात्र तेवढाच. एजंटाला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याचं पोट त्यावर आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत, ज्यांच्या हातात साठीला जी काही रक्कम राहिली ती फक्त एलआयसीचीच, कारण बाकी कुठे ठेवलेला पैसा त्यांनी मोडून खाल्ला. सक्तीची बचत हा गुण खराच आहे. त्याची किंमत काय पडते, ते कळून घ्यावी एवढंच.

फॉर्ममध्ये शुगर लिहिली नाही. एजंट म्हणाला, 'काका, काही होत नाही, इथे सही करा.' खरंच काही होत नाही?

होतं, आणि जे होतं ते क्लेमच्या दिवशी होतं.

कंपनीने तुम्हाला पाहिलेलं नसतं. तुमच्याबद्दल तिला जे माहीत आहे ते त्या प्रस्तावातून. म्हणून कायद्याने माहिती सांगायची जबाबदारी विमा घेणाऱ्यावर टाकली आहे. क्लेम आला की कंपनीचा तपासनीस रुग्णालयात जाऊन केसपेपर मागवतो. त्यात दाखल होताना ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरने लिहिलेली एक ओळ असते: 'मधुमेह, 8 वर्षांपासून.' ती माहिती बहुधा घाबरलेल्या सुनेने किंवा मुलाने दिलेली असते, कधी अंदाजाने. पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची. झालं! फॉर्मवर 'नाही'पुढे टिक एजंटने केली असली, तरी खाली सही तुमची.

म्हणून दोन कामं करा. फॉर्म स्वतः भरा आणि खरं लिहा. सध्याच्या नियमांनुसार जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो. तो संपला की तोच आजार कव्हर होतो. म्हणजे शुगर लिहिल्याने तीन वर्षं थांबावं लागेल, न लिहिल्याने सगळंच गमावू शकता. दुसरं काम: दाखल होताना आजाराचा इतिहास सांगताना ज्याला नक्की माहीत आहे त्यानेच सांगावं.

कायदा विमेदारालाही संरक्षण देतो. आरोग्य विमा सलग 60 महिने चालला की त्यानंतर माहिती दडवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आयुर्विम्यात कलम 45 त्याहून कडक आहे: तीन वर्षं उलटल्यावर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने प्रश्न उभा करता येत नाही. फक्त एक खाचखळगा आहे. हप्ता थकून पॉलिसी बंद पडली आणि तुम्ही ती पुन्हा चालू केलीत, तर ही तीन वर्षं नव्याने मोजली जातात.

पाच लाखांचा मेडिक्लेम होता, बिल सव्वादोन लाखांचंही नव्हतं. तरी खिशातून साठ हजार का गेले?

खोलीमुळे. हे एकदा आकड्यांत पाहून घ्या.

पॉलिसीत लिहिलंय, खोलीचं भाडं रोज विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5,000 पर्यंत. तुम्ही घेतली 8,000 ची, कारण स्वस्तातली रिकामी नव्हती किंवा सासूबाईंना एसी हवा होता. पाच दिवसांचं भाडं 40,000. शस्त्रक्रिया, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या फेऱ्या मिळून 1,20,000. औषधं, इम्प्लांट, तपासण्या 60,000. एकूण 2,20,000.

तुम्हाला वाटतं, वरचे तीन हजार गुणिले पाच, पंधरा हजार आपण भरू. पण शस्त्रक्रियेपासून फेरीपर्यंत सगळ्याचे दर रुग्णालय खोलीच्या दर्जानुसार लावतं. म्हणून कंपनी ते सगळं पाच-अष्टमांश करते. भाड्याचे 25,000 आणि शस्त्रक्रियेच्या गठ्ठ्याचे 75,000 मंजूर. औषधं, इम्प्लांट, तपासण्यांवर अशी कात्री लावता येत नाही, असा 2020 पासूनचा नियम आहे, म्हणून ते 60,000 पूर्ण. बेरीज 1,60,000. तुमचे 60,000 गेले, आणि हातमोजे, मास्क वगैरे 'नॉन-मेडिकल' म्हणून कापतील ते वेगळेच.

पॉलिसी घेताना 'रूम रेंट लिमिट नाही' हे चार शब्द शोधा. हप्ता थोडा जास्त पडेल. बाकी ब्रोशरवरच्या हसऱ्या कुटुंबाकडे नंतर पाहा.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम गेला का?

नाही. कॅशलेस म्हणजे कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे देणं; ते नुसते कागद अपुरे असले तरी नाकारतात. बिल भरा, सगळे मूळ कागद घ्या, डिस्चार्ज समरी नीट वाचून घ्या आणि परतफेडीसाठी अर्ज करा. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा 2024 पासूनचा नियम आहे. प्रत्यक्षात घरी जायची परवानगी सकाळी अकराला मिळते आणि माणसं संध्याकाळपर्यंत बिलिंगच्या खिडकीशी बसलेली असतात. बऱ्याचदा उशीर रुग्णालयाने बिल पाठवण्यात झालेला असतो, कधी टीपीएच्या टेबलावर. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने कागद तपासणारी मधली संस्था. निर्णयाची जबाबदारी कंपनीचीच.

क्लेम केला नाही तरी मेडिक्लेमचा हप्ता का वाढतो?

वय वाढतं आणि उपचार महाग होतात. तुमचा स्वतःचा क्लेम झाला म्हणून नूतनीकरणाला तुमचाच हप्ता वाढवता येत नाही. वाढतो तो अख्ख्या गटाचा. ज्येष्ठांच्या बाबतीत वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असं जानेवारी 2025 मध्ये ठरलं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. कंपनीमार्फत मिळणाऱ्या गट विम्यावरचा गेलेला नाही.

गाडी पाण्यात उभी होती. इंजिन गेलं. भरपाई मिळेल?

पाण्याने सीट, वायरिंग, गालिचे खराब झाले तर सर्वंकष पॉलिसीत मिळते. इंजिनचं उत्तर तुम्ही चावी फिरवली की नाही यावर आहे. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की आतले भाग वाकतात, आणि ते नुकसान पुरामुळे झालं नसून तुमच्या कृतीमुळे झालं, असं सर्व्हेअर लिहितो. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर त्यासाठीच. पाण्यातली गाडी सुरू करू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या.

बंपरचे अर्धेच पैसे का मिळाले, हाही नेहमीचा प्रश्न. प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात. 'झिरो डेप' घेतलं असेल तर कापत नाहीत. क्लेम न केल्याची सवलत पहिल्या वर्षी 20 पासून पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम करणं बहुधा तोट्याचं.

थर्ड पार्टीचा हप्ता सगळीकडे सारखाच का?

तो केंद्र सरकार ठरवतं. रस्त्यावरच्या गाडीला तो कायद्याने सक्तीचा आहे आणि नव्या कारला 3, दुचाकीला 5 वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. तो तुमच्या गाडीसाठी नाही; तुमच्या गाडीखाली सापडलेल्या माणसासाठी आहे.

माझ्या शेतात काही उरलं नाही, तरी पीक विमा मिळाला नाही. शेजारच्या मंडळात मिळाला. हे कसं?

कारण प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मुख्य हिशेब तुमच्या शेताचा नसून महसूल मंडळाचा, म्हणजे काही गावांच्या गटाचा असतो. मंडळात काही निवडक प्लॉटवर पीक कापणी प्रयोग होतात, त्यांची सरासरी म्हणजे सगळ्यांचं उत्पन्न.

दुसरी बाजू उंबरठा उत्पन्नाची. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात आणि तिचे 70 टक्के धरतात. समजा सोयाबीनची सरासरी हेक्टरी 16 क्विंटल. उंबरठा 11.2 क्विंटल. यंदा मंडळाची सरासरी 12 आली, म्हणजे पीक चौथाईने घटलं, तरी भरपाई शून्य, कारण उंबरठा ओलांडला. ती 8.4 आली तर तूट 2.8 क्विंटल, उंबरठ्याच्या 25 टक्के. विमा रक्कम हेक्टरी 56,000 असेल तर 14,000 मिळतील. रस्त्याच्या पलीकडचं गाव दुसऱ्या मंडळात असेल तर त्याचं गणित वेगळं. शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. पण प्रत्येक शेत मोजायचं ठरवलं तर खर्चच हप्त्यापेक्षा जास्त होईल, हेही खरं.

राज्यात 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्याने एक रुपया भरायचा होता, उरलेला हिस्सा राज्य देत होतं. बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला आणि 2025 च्या खरिपापासून ते बंद पडलं. आता शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला 2, रब्बीला दीड, नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत आहे आणि भरपाईची भिस्त कापणी प्रयोगांवर आहे. तेव्हा प्रयोगाच्या दिवशी कृषी सहायक आणि तलाठी गावात येतात, त्या प्लॉटवर जाऊन उभं राहणं हा विमेदाराच्या हातातला सर्वांत मोठा उपाय आहे. बहुतेक गावांत तिथे कुणी फिरकत नाही.

क्लेम सेटलमेंट रेशो 98 टक्के, मग कंपनी चांगलीच ना?

तो आकडा आयुर्विम्याचा आणि संख्येचा असतो. पन्नास हजारांचे 98 क्लेम दिले आणि एक कोटीचे दोन नाकारले तरी 98 टक्केच. रकमेचं प्रमाणही पाहा. आरोग्य विम्यात याच्याशी 'इन्कर्ड क्लेम रेशो' गल्लत करून दाखवतात: शंभर रुपये हप्त्यातले किती क्लेमवर गेले. तो 50 च्या आसपास असेल तर कंपनी चिकट, 100 च्या पुढे असेल तर हप्ता लवकरच वाढणार.

नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे. पैसे त्याचेच ना?

आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर कायदा त्यांना लाभाचा हक्कदार मानतो. भाऊ नॉमिनी असेल तर तो पैसे घेऊन वारसांना द्यायला बांधील. लग्नानंतर नाव बदललं नाही म्हणून वहिनी आणि दीर कोर्टात उभे राहिलेली घरं आहेत. ज्यांच्या डोक्यावर धंद्याचं कर्ज आहे त्यांनी पॉलिसी काढतानाच 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढावी. मग त्या पैशाला सावकार हात लावू शकत नाहीत. नंतर हे करता येत नाही.

पॉलिसी चुकून घेतली. परत करता येते?

कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत. किरकोळ कपात होते.

क्लेम फेटाळला. आता?

नकार लेखी मागा, आणि तो पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार हे त्यात असायला हवं. आरोग्य विम्यात कंपनीच्या क्लेम समीक्षा समितीच्या मंजुरीशिवाय नकार देता येत नाही. समितीपुढे गेलं होतं का, हे पत्रात विचारा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा आणि त्याची प्रत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका. 155255 हा त्यांचा फोन.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत. गोव्याची प्रकरणं पुण्याला जातात. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. लोक कंपनीला स्मरणपत्रं पाठवत बसतात आणि हे वर्ष निघून जातं. निवाडा पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग उरतोच. तिथे अधिकारक्षेत्र भरलेल्या हप्त्यावर ठरतं, विमा रकमेवर नाही, त्यामुळे एक कोटीच्या पॉलिसीचा वादही जिल्ह्याच्या ठिकाणी चालू शकतो.

तक्रार लिहिताना रागाची दोन पानं नकोत. पॉलिसी क्रमांक, तारखा, नकाराचं वाक्य जसंच्या तसं, ते का लागू होत नाही याची चार वाक्यं आणि कागदांच्या प्रती. फाइल वाचणाऱ्याला तेवढंच लागतं.